गोधडीतली .३१५ : जुनी बोल्ट रायफल पारखून घेणं आणि कमी खर्चात सुधारणं

मामांची रायफल गोधडीतून काढून मी पहिल्यांदा उजेडाकडे धरली, तेव्हा नळीतून उजेड आलाच नाही. कुंभारमाशीने आत मातीचं घर केलं होतं. ओसरीवर बसलेले मामा तिथूनच म्हणाले, "पहिले नळी पाह्य भाचा, लाकूड मंग." त्या नळीत कोणी काडतूस भरून बार काढला असता, तर मातीच्या त्या बोटभर बुचापाशी नळी फुगली तरी असती, नाहीतर फाटली असती. म्हणून हा सगळा लेख मामांच्या त्या वाक्याच्या क्रमानेच लिहितो आहे. नळी आधी, लाकूड नंतर, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात आणि पलीकडे शिरपूर-शहाद्यापर्यंत जुन्या घरांमधून अशा रायफली अजून निघतात. शिकारीच्या म्हणून घेतलेल्या, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भिंतीला टांगून राहिलेल्या. त्यातल्या बहुतेक .३१५ च्या. वारसाने आलेली रायफल ठेवायची की विकायची, किंवा कोणी विकत असेल तर घ्यायची का, हे प्रश्न मला दर हंगामात कोणी ना कोणी विचारतं. नवी रायफल घेण्यापेक्षा हा रस्ता स्वस्त पडतो. पण आधी पारख येत असेल तरच.

आधी विचारा, रायफल लागते कशाला?

शिकार बंद आहे. हौस म्हणून नाही, सणाला नाही, "एकच डुक्कर" म्हणूनही नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकाची नासाडी करत असतील, तर कायद्याच्या कलम ११ खाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी काढता येते, आणि त्या कागदावर जे लिहिलं असेल तेवढंच करता येतं. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. त्याचं मांस वाटून घेतलं की आपणच गुन्हेगार.

आता एक कडू गोष्ट. केळीच्या बागेसाठी रायफल हे चुकीचं हत्यार आहे. बागेत दहा पावलांपुढे दिसत नाही. .३१५ ची गोळी पानं आणि खांब भेदून दोन-तीन किलोमीटर सहज जाते, आणि आपल्या सपाट रानात तिला अडवायला टेकडी नाही. शेजारच्या मळ्यातलं रखवालदाराचं झोपडं तिच्या वाटेतच असतं. मका, भुईमूग, दादर (ज्वारी) असल्या उघड्या पिकात, उंच माळ्यावरून खाली जमिनीकडे नेम धरायचा असेल, तरच रायफलीला काही अर्थ आहे. बाकी बहुतेकांना झटका तार आणि फार तर छऱ्याची बारा बोअर बंदूक पुरते. कायद्याचा कलही तसाच आहे. शस्त्र कायद्याचं कलम १३ पीक राखणीसाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतं. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. रायफलीला वेगळं, पटण्यासारखं कारण द्यावं लागतं.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण यात चूक झाली तर पुढचं सगळं फुकट. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे परवाना जिल्हाधिकारी देतात. आधी परवाना, मग रायफल. उलट कधीच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला दोनपेक्षा जास्त हत्यारं ठेवता येत नाहीत, म्हणजे घरात बारा बोअर आणि रिव्हॉल्व्हर आधीच आपल्या नावावर असेल तर आजोबांची रायफल आपोआप आपली होत नाही. जुनी रायफल विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं असतं. जो "आज पैसे द्या, आज घेऊन जा" म्हणतो, त्याच्या ओसरीवरून उठायचं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना आणखी एक अट लागते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे हत्याराची नोंद वनखात्याकडेही करावी लागते, आणि त्या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. यावल अभयारण्य, अनेर धरण, चाळीसगावकडे गौताळा. नकाशा उघडून आपलं गाव कुठे पडतं ते मोजून घ्या.

.३१५ म्हणजे काय

इंग्रजांनी फौजेची .३०३ आपल्या लोकांच्या हाती पडू नये म्हणून ते बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्यांना बंद केलं, आणि ते आजही बंद आहे. मग बंदूकवाल्यांनी फौजेच्या त्याच .३०३ रायफलीची, म्हणजे ली-एनफिल्डची, यंत्रणा घेतली आणि तिला ऑस्ट्रियाच्या फौजेच्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसाच्या घराण्यातलं काडतूस जोडलं. .३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटरच. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने याच चालीच्या स्पोर्टिंग रायफली बनवल्या. काडतुसांच्या बुडावर 'केएफ' असतं, म्हणजे आपल्या खडकीची फॅक्टरी. आमच्याकडे बरेच जण समजतात की वरणगावची फॅक्टरी जवळ आहे म्हणजे काडतुसं तिथली. वरणगावला फौजेचा दारूगोळा होतो, त्याचा आपल्याशी संबंध नाही.

हे घराणं कळलं की पारख सोपी होते, कारण ली-एनफिल्डच्या खोडी शंभर वर्षांपासून माहीत आहेत.

पारख

मॅगझिन, म्हणजे खालची काडतुसांची पेटी, काढा. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, मागे ओढा. नळीच्या बुडात करंगळी घालून पाहा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. मग बोल्ट पूर्ण मागे घेऊन त्याचं डोकं वर फिरवा आणि बाहेर काढा. विकणाऱ्याला हेच करता येत नसेल तर रायफल कित्येक वर्षांत साफ झालेली नाही हे तिथेच कळलं.

आता नळी. मागच्या बाजूने पाहायचं, पुढच्या टोकाशी अंगठ्याचं नख तिरपं धरायचं. नखावरून परावर्तित झालेला उजेड टॉर्चपेक्षा चांगला दाखवतो, कारण टॉर्चच्या झोतात सगळंच चकाकतं. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा, धारदार दिसले पाहिजेत. आत काळसर दिसलं तर घाबरू नका, मळ निघतो. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर समजा गंजाने लोखंड खाल्लं आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतला (बुडातली दारू पेटवणारी टिकली) क्षार पाणी ओढतो, आणि बार काढून तशीच ठेवलेली नळी एका पावसाळ्यात अशी होते. थोडे खड्डे चालतात, फक्त साफ करायला जास्त वेळ लागतो. मात्र नळीच्या आत कुठे काळी कडी दिसली, बांगडीसारखी गोल सावली, तर तिथे नळी फुगलेली आहे. बाहेरून त्या जागी बोट फिरवलं तर बऱ्याचदा उंचवटा लागतोही. अशी रायफल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

नळीचं तोंडही पाहा. लोखंडी गज पुढून घालून घालून काहींनी तोंड एका बाजूने झिजवलेलं असतं. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श तिथे होतो, आणि तो एका बाजूला सुटला की नेम कायमचा विस्कटतो. बाकी नळी चांगली असेल तर परवानाधारक मिस्त्री तोंड सरळ करून देतो.

बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी कोरलेला नंबर रायफलीच्या नंबराशी जुळतो का ते बघा. न जुळणारा बोल्ट म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल. बसेल, पण काडतुसामागे पोकळी किती राहते याची खात्री नाही. बोल्ट परत घालून मागे ओढा आणि त्याचं डोकं वर दाबा. ते रुळावरून उडी मारून सुटत असेल तर झीज झाली आहे. मग रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करून घोडा चढवलेल्या अवस्थेत दस्ता घडी केलेल्या गोधडीवर दोन-चार वेळा आपटा. आतला चाप निसटून 'खट्' झालं, तर ती रायफल उद्या तुमच्या हातात स्वतःहून सुटेल. सेफ्टी लावून चाप ओढून पाहा, नंतर सेफ्टी काढा. काढताना 'खट्' झालं तरी तेच.

सौदा ठरण्याआधी परवानगी असलेल्या रेंजवर दोन बार काढता आले तर सोनं. बार पाहू नका, रिकामी पुंगळी पाहा. बुडाच्या कडीच्या थोडं वर चकचकीत वळं उमटलं असेल किंवा टोपी बाहेर डोकावत असेल, तर मागची पोकळी जास्त आहे. पुंगळी तिथेच तुटू शकते.

लाकूड

खरी सुधारणा इथे आहे, आणि आपल्या हवेत तर जास्तच. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दोन महिन्यांनी तीच रायफल ओल्या हवेत. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. लोखंड जागचं हलत नाही. मग स्क्रू ढिले होतात आणि पुढचं लाकूड नळीला कुठेतरी एका बाजूने ढोसू लागतं. लक्षण ठरलेलं आहे. थंड नळीचा पहिला बार जागेवर, आणि नळी तापत जाईल तसे पुढचे बार एकाच दिशेला सरकत जातात. लोक माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, ठोकत बसतात. दोष लाकडाचा असतो.

मागचा दस्ता मनगटापाशी डुगडुगतो का ते दोन हातांनी पिळून पाहा. डुगडुगत असेल तर दस्ता जोडणारा आतला लांब बोल्ट (नळीमागचा नव्हे) आवळावा लागतो. इथेच बहुतेक रायफलींचा घात होतो. या घराण्यात त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता मागून स्क्रूड्रायव्हर फिरवला, की ते चौकोनी टोक पुढचं लाकूड आतून फाडतं. मामांच्या रायफलीचं कोणा कारागिराने नेमकं हेच केलं होतं. वरून मेणाने बुजवून, पॉलिश मारून परत दिली. आम्हाला चिरा दिसल्या त्या वीस वर्षांनी, मेण उन्हाने वितळल्यावर. काम देताना मिस्त्रीला सरळ विचारा, "आधी पुढचं लाकूड काढणार ना?" तो हसला तर काम द्या, गोंधळला तर रायफल घेऊन घरी या.

पुढचं लाकूड काढलं की त्याच्या मागच्या टोकाकडे बघा. धक्का सोसणाऱ्या दोन खांद्यांची जागा तिथे असते. वर्षानुवर्षं जास्तीचं तेल मुरून ती जागा काळी आणि मऊ झालेली असते, नख रुततं. तिथला मऊ भाग काढून कठीण लाकडाचा तुकडा किंवा इपॉक्सी बसवली, की विस्कटलेला नेम एका ठिकाणी गोळा होतो. दुर्बिणीच्या दशांश खर्चात झालेली ही सुधारणा मी डोळ्यांनी पाहिली आहे.

घरी करण्यासारखं म्हणजे लाकडाला तेल. जुनं व्हार्निश काचेच्या तुकड्याने खरवडू नका, नंबर आणि शिक्के जातात. उकळलेलं जवसाचं तेल रंगाच्या दुकानात मिळतं. तळहातावर चार थेंब घ्यायचे, तळहात गरम होईपर्यंत चोळायचे, जास्तीचं पुसून टाकायचं. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. घाण्याचं कच्चं तेल आठवडाभर चिकट राहतं आणि धूळ ओढतं. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी स्वतःहून पेट घेते. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

कुठपर्यंत आपण हात लावायचा याची रेघ स्पष्ट आहे. साफसफाई, तेल, पट्टा, दस्त्याला रबरी गादी इतकं आपलं. दुरुस्ती आणि फेरफार करायला कायद्याने परवाना लागतो, म्हणून बाकी सगळं परवानाधारक मिस्त्रीकडे. नळी कापून आखूड करणं तर वेगळ्या कलमाखाली गुन्हा आहे. आणि चापाची धार घासून तो 'मऊ' करण्याचा उद्योग कोणी सुचवला तर सोडून द्या. ली-एनफिल्डचा चाप मुळातच दोन टप्प्यांचा असतो, पहिला टप्पा घेऊन थांबायचं आणि मग दुसरा. रिकाम्या रायफलीवर महिनाभर हा सराव केला की तो आपोआप मऊ वाटू लागतो.

माशी

दुर्बीण बसवायला या रायफलीला बाजूने भोकं पाडावी लागतात. माझं मत सांगतो, पाडू नका. पन्नास-साठ मीटरपलीकडे उघड्या रानातही बार काढायची वेळ येऊ नये, आणि तेवढ्याला डोळा पुरतो. पैसे वाचवून चष्म्याचा नंबर तपासून घ्या. चाळिशीनंतर माशी धूसर दिसते. ती स्पष्ट दिसली पाहिजे, मागची खाच आणि लक्ष्य थोडं धूसर असलं तरी चालतं.

नेम जुळवायचा तो रेंजवर, वाळूच्या पोत्यांवर टेकून. नळी पोत्यावर टेकवू नका, लाकूड टेकवा. तीन बार, नळी गार होऊ द्या, पुन्हा तीन. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, म्हणून उधळपट्टी परवडत नाही. मग हिशेब. समजा ५० मीटरवर बार ८ सेंटिमीटर उजवीकडे पडतात, आणि मागच्या खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर ४८ सेंटिमीटर आहे. ८ गुणिले ४८ भागिले ५०००, म्हणजे ०.०७७ सेंटिमीटर. माशी पाऊण मिलिमीटर हलवायची, बस. कोणत्या बाजूला? बार जिकडे चुकतो तिकडे. उजवीकडे जात असतील तर माशी उजवीकडे. खाली जात असतील तर माशी खाली, म्हणजे घासून आखूड. वर जात असतील तर उंच माशी बसवायची. घासलेली परत वाढत नाही, म्हणून मिस्त्रीला सांगून आधी थोडी उंचच बसवून घ्या.

उन्हात माशी चकाकते आणि नेम चुकतो. बोल्ट काढलेल्या रिकाम्या रायफलीच्या माशीखाली क्षणभर पेटता कापूर धरा. काजळी धरते, झकास काळी. तेल आणि काडतुसं मात्र दुसऱ्या खोलीत ठेवून. संध्याकाळच्या अंधुक उजेडासाठी उलट, माशीच्या टोकाला पांढऱ्या करेक्शन फ्लुइडचा एक ठिपका.

भरणं आणि साफ करणं

या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे यायला हवी. मागे राहिली तर बोल्ट एकाऐवजी दोघांना ढकलतो आणि सगळं अडकतं. नेमकं नको त्या वेळी. डमी काडतुसांवर डोळे मिटून भरण्याचा सराव करा.

साफ करताना पितळी गज, आणि मागून पुढे. फौजेतून परतलेला गावातला कोणीही माणूस पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधी कशी ओढायची ते दाखवेल. काडतुसं जुनी असतील तर आधी मागून किटलीभर उकळतं पाणी ओता. क्षार पाण्यातच विरघळतो, तेलात नाही. गरम नळी पटकन सुकते, मग कोरड्या चिंध्या, मग तेल.

तेल कोणतं? शिलाई मशीनचं हलकं तेल चालतं. खोबरेल नको. आमच्याकडे पूर्वी सगळे खोबरेलच लावायचे, आणि डिसेंबरच्या पहाटे ते बोल्टच्या आत थिजायचं. टोपीवर आपटणारी सुई मंद चालायची, टोपीवर नुसता ओरखडा, बार नाही. दोष काडतुसांच्या नशिबी. मामांचा बोल्ट उघडला तेव्हा स्प्रिंगभोवती पिवळ्या मेणासारखा थर होता, तो रॉकेलमध्ये रात्रभर ठेवल्यावर सुटला.

चामड्याच्या पिशवीत रायफल ठेवू नका, चामडं ओल धरतं. कोरड्या सुती कापडात, बोल्ट आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. नळीच्या तोंडाला बूच किंवा चिंधी लावून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. आत ओल कोंडते, आणि एखाद्या दिवशी ती काढायची विसरते. कुंभारमाशीसाठी दर महिन्याला एकदा नळीतून पाहणं हाच उपाय.

निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ठाण्यात जमा करायचा हुकूम आला, की रायफल तिथे महिना-दोन महिने पडून राहते. जमा करण्याच्या आदल्या रात्री नळीत आणि बोल्टवर ग्रीसचा जाड हात द्या, परत आल्यावर बार काढण्याआधी तो पूर्ण पुसा. आणि पावती घेताना नळीवरचा नंबर स्वतः मोठ्याने वाचून लिहून घ्या. आमच्या एका पावतीवर ३ चा ८ झाला होता, आणि ती रायफल आमचीच आहे हे पटवायला मामांना चार खेपा घालाव्या लागल्या.